दाताला हात लावण्याआधी नोंदणी नंबर विचारा



आरोग्याच्या पानावर आजचा धडा दातांचा आहे. पण दात कसे घासावे हे आज सांगणार नाही. आपल्या तोंडात हात घालायचा अधिकार कोणाला आहे, तो कोण देते आणि तो नसलेला माणूस समोर आला तर आपण काय करायचे, एवढेच आज शिकू. सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीने करते.

एक गाल आणि चार दिवस

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली एक मावशी माझ्याकडे आली. गाल सुजलेला. आठवडी बाजारात टेबल-खुर्ची मांडून बसणाऱ्या एका दातवाल्याकडून तिने आठशे रुपयांत समोरचे दोन दात "फिक्स" बसवून घेतले होते आणि त्याच बैठकीत एक किडकी दाढही काढून घेतली होती.

"सिस्टर, दुखायची गोळी द्या. उद्या खुरपायला जायचंय," ती म्हणाली.

मी तेव्हा नोकरी सोडून वस्तीत काम करू लागले होते. लोकांचा माझ्यावर विश्वास होता. मी तिला दुखायची गोळी दिली आणि घरात असलेल्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूलही दिल्या. दुखणे थांबले म्हणून ती कामावर गेली. चौथ्या दिवशी तिचा मुलगा धावत आला. मावशीचे तोंड उघडत नव्हते, हनुवटीखालची सूज गळ्यापर्यंत उतरली होती आणि थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती. जालन्याहून तिला थेट छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागले. गळ्यात साठलेला पू डॉक्टरांनी बाहेरून चीर देऊन काढला. मावशी वाचली, पण तीन आठवड्यांची मजुरी बुडाली आणि कानातले विकावे लागले.

दातवाल्याची चूक सगळ्यांनी सांगितली. माझी चूक कोणीच सांगितली नाही, म्हणून मी सांगते. मी नोंदणीकृत परिचारिका आहे. सुई टोचायला, जखम बांधायला, बाळंतिणीची काळजी घ्यायला मी शिकले आहे. दाताच्या मुळाशी पू झाला आहे का हे ओळखून औषध ठरवण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही आणि तो अधिकारही मला नाही. मी तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे होते. माझ्या गोळीने दुखणे झाकले गेले आणि आजार आत वाढत राहिला.

त्या दिवशी मला परवाना या शब्दाचा खरा अर्थ कळला. मला काय करता येते हे परवाना सांगतोच, पण मी कुठे थांबायचे हेही तोच सांगतो.

नोंदणी म्हणजे काय?

जीवकाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. तक्षशिलेला सात वर्षे शिकल्यावर गुरूने त्याची परीक्षा घेतली. तक्षशिलेच्या आसपास हिंडून औषधी नसलेली एखादी वनस्पती शोधून आण, असे सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परत आला, कारण निरुपयोगी अशी एकही वनस्पती त्याला सापडली नाही. मग गुरूने त्याला वैद्यकी करायला मोकळीक दिली. आधी शिक्षण, मग परीक्षा, मग दुसऱ्याने दिलेली परवानगी हा क्रम इतका जुना आहे. "मला येते" असे स्वतःच म्हणून भागत नाही.

आपल्या देशात दातांच्या डॉक्टरांसाठी हा क्रम १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमाने घालून दिला. त्याआधी दात काढणे हे न्हावी, वैदू, जत्रेतले फिरते लोक असे कोणीही करत असे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. बंगालमध्ये दंतवैद्यांचा कायदा १९३९ मध्ये झाला आणि संपूर्ण देशासाठी १९४८ मध्ये. तो कायदा मार्च महिन्यात मंजूर झाला तेव्हा आपला जालना निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये आपण भारतात आलो.

या कायद्याने दिल्लीत भारतीय दंत परिषद आली आणि राज्याराज्यांत राज्य दंत परिषदा आल्या. आपल्याकडे मुंबईची महाराष्ट्र राज्य दंत परिषद दंतवैद्यांचे रजिस्टर ठेवते. मान्यताप्राप्त पदवी घेतल्यावर प्रत्येक दंतवैद्याने तिथे नाव नोंदवायचे असते. नाव नोंदले की नंबर मिळतो. मोटारीला जसा नंबर, तसा हा नंबर. अपघात झाला तर गाडी कोणाची हे नंबरावरून सापडते. उपचारात काही बिघडले तर जबाबदार कोण हे या नंबरावरून सापडते. बाजारातला दातवाला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजारात बसतो. त्याला शोधायचे कुठे?

या रजिस्टरचे "अ" आणि "ब" असे दोन भाग होते. पदवीधर "अ" भागात. पदवी नव्हती, पण कायदा येण्याआधीपासून वर्षानुवर्षे याच कामावर ज्यांचे पोट होते, अशांना "ब" भागात यायची संधी दिली होती. म्हणजे जुन्या कारागिरांचे पोट कायद्याने एकदम मारले नाही. पण ती सोय त्या पिढीपुरती होती. आज कोणी "मी पंधरा वर्षांपासून हेच करतो" असे म्हणाला, तर त्या अनुभवावर नोंदणी मिळत नाही.

आता २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. जुन्या कायद्याची आणि जुन्या परिषदेची जागा घेण्यासाठी तो केला आहे. त्यात राज्य पातळीवरची दंत परिषद आहे आणि देशभरासाठी एक रजिस्टर आहे. नाव बदलले तरी आपल्यासाठी मूळ गोष्ट तीच राहते : नोंदणी नसेल तर दाताला हात लावायचा नाही.

कोण काय करू शकतो?

बी.डी.एस. : चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. हा दंतवैद्य दात तपासतो, भरतो, काढतो, रूट कॅनल करतो, कवळी बसवतो, भुलीचे इंजेक्शन देतो.

एम.डी.एस. : बी.डी.एस. नंतर तीन वर्षांचा विशेष अभ्यास. वाकडे दात, जबड्याची शस्त्रक्रिया, हिरड्यांचे आजार, लहान मुलांचे दात अशा वेगवेगळ्या शाखा असतात.

डेंटल हायजिनिस्ट : दात साफ करण्याचे शिक्षण घेतलेला. दंतवैद्याच्या देखरेखीखाली काम करतो.

डेंटल मेकॅनिक : कवळी, कॅप प्रयोगशाळेत तयार करणारा. दंतवैद्याने घेतलेल्या मापावर तो काम करतो. तुमच्या तोंडात दात काढणे किंवा इंजेक्शन देणे हे त्याचे काम नाही.

कंपाउंडर, मदतनीस, क्लिनिकमध्ये दहा वर्षे सिमेंट कालवून देणारा मुलगा : यांना स्वतंत्रपणे उपचार करायचा अधिकार नाही.

एका विषयाची नोंदणी दुसऱ्या विषयात चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. १९९२ मध्ये मुंबईत एका माणसाला ताप आला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने त्याला ॲलोपॅथीची औषधे दिली. तो माणूस दगावला. त्याची पत्नी पूनम वर्मा ग्राहक आयोगात गेली. तिथे तक्रार फेटाळली गेली, तरी ती हटली नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि ३ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने धरले. या निकालाने मलाही माझ्या त्या चार कॅप्सूल आठवतात.

बाजारातला दात स्वस्त का पडत नाही?

बाजारात "फिक्स दात" म्हणून जे बसवतात ते बहुतेक वेळा असे असते : सडकी मुळे तशीच ठेवून त्यावर लगेच घट्ट होणारे प्लास्टिक थापायचे आणि शेजारच्या चांगल्या दातांना तारेने बांधायचे. ते प्लास्टिक घट्ट होताना गरम होते आणि हिरडी भाजते. खाली अन्न अडकते, घासता येत नाही, मुळाशी पू होतो. तारेने बांधलेले चांगले दातही काही दिवसांनी हलू लागतात. दोन दात बसवायला गेलेला माणूस चार दात गमावून येतो. काही जण कवळी चिकटून राहावी म्हणून तिच्या आतून रबराची चकती लावतात. ती टाळूचे मांस ओढत राहते. अशा चकतीने टाळूला भोक पडल्याचे प्रसंग वैद्यकीय नोंदींत आहेत.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. एकाच्या रक्तात माखलेला चिमटा बादलीतल्या पाण्यात बुडवून दुसऱ्याच्या तोंडात जातो. त्यातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एच.आय.व्ही. पसरू शकतात. दवाखान्यात हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कुकरसारख्या यंत्रात, दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसवर निदान १५ मिनिटे ठेवतात. डेटॉलचे पाणी किंवा मेणबत्तीची ज्योत हे त्याच्या जागी चालत नाही.

तिसरा धोका न विचारलेल्या प्रश्नांचा. दाढ काढण्याआधी दंतवैद्य विचारतो : साखर आहे का? बी.पी. आहे का? हृदयाचा आजार आहे का? रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? दिवस गेले आहेत का? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? यातला एक प्रश्न चुकला तर रक्त थांबत नाही, जखम भरत नाही किंवा माणूस खुर्चीतच कोसळतो. त्या मावशीला साखर होती. बाजारात तिला कोणी विचारले नव्हते. आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नव्हते.

खुर्चीत बसण्याआधी पाच प्रश्न

१. डॉक्टरसाहेब, आपली पदवी कोणती आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी नंबर काय? (दवाखान्यात लावलेले प्रमाणपत्र पाहा. प्रमाणपत्रावरचे नाव आणि समोरचा माणूस एकच आहे ना, हेही पाहा. भाड्याने लावलेली प्रमाणपत्रे असतात.)
२. हत्यारे ऑटोक्लेव्ह केली आहेत का? सुई नवी आहे का? ती माझ्यासमोर फोडाल का?
३. दात काढणे गरजेचे आहे का, की वाचवता येईल?
४. एकूण खर्च किती आणि किती वेळा यावे लागेल?
५. चिठ्ठी आणि पावती मिळेल ना?

प्रश्न विचारताना आवाज चढवायची गरज नाही. चांगला डॉक्टर याने रागावत नाही. जो रागावेल त्याच्या खुर्चीतून उठून येण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पावती मात्र सोडू नका. पावती नसेल तर उद्या तुमचे काहीच सिद्ध होत नाही.

माणूस आपलाच असेल तर?

हा या धड्याचा सर्वांत अवघड भाग. मावशीच्या प्रकरणानंतर मी त्या दातवाल्याला शोधले. तो आपल्यातलाच निघाला. एका क्लिनिकमध्ये बारा वर्षे मदतनीस होता. पगार अपुरा, घरात तीन लेकरे. मी त्याला भेटले, कायदा समजावला. त्याने इंजेक्शन देणे बंद करतो म्हणून शब्द दिला. काही महिन्यांनी तो दुसऱ्या तालुक्याच्या बाजारात पुन्हा बसलेला दिसला. मग मी लेखी तक्रार केली.

वस्तीतले लोक मला म्हणाले, "ताई, मोठमोठे डॉक्टर लुटतात तेव्हा कुठं असता तुम्ही? आपलाच पोरगा आहे, त्याच्या पोटावर कशाला पाय देता?" त्याची आई आजही माझ्याशी बोलत नाही.

मी यावर खूप विचार केला. लोकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. नोंदणी असलेले सगळेच चांगले असतात असे नाही. गरज नसताना कॅप बसवणारेही आहेत. पण नोंदणी असलेल्याची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते आणि त्याचे नाव रजिस्टरमधून काढले जाऊ शकते. नोंदणीच नसलेल्याचे नाव कुठून काढणार?

आणि दुसरे असे की त्या दातवाल्याकडे कोण जाते? बंगल्यातला माणूस जात नाही. खुरपणारी, वीटभट्टीवरची, ऊसतोडीला जाणारी आपली माणसे जातात. चांगला डॉक्टर श्रीमंतासाठी आणि चिमटा-बादली आपल्यासाठी, ही वाटणी आपणच "आपला पोरगा" म्हणून मान्य करायची का? त्याच्या पोटाची काळजी समाजाने जरूर करावी. त्याला डेंटल मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम करता येतो का ते बघावे. नोंदणीकृत डॉक्टरकडे रीतसर पगाराचे काम मिळवून द्यावे. पण त्यासाठी मावशीचा गळा गहाण ठेवू नये.

कायदा कुठे लंगडा आहे?

१९४८ च्या कायद्यात नोंदणी नसताना दंतवैद्यकी केली तर पहिल्या गुन्ह्याला दंड होता ५०० रुपयांपर्यंत. एका बाजाराच्या दिवसात त्याहून जास्त कमाई होते. त्याच कायद्यात एक सवलतही होती : तातडीची वेळ असेल आणि नोंदणीकृत दंतवैद्य मिळत नसेल, तर भूल न देता कोणीही दात काढू शकतो. म्हणजे खेड्यात दंतवैद्य नाही हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होते. ही सवलत भूल न देता आणि फक्त अडीनडीच्या वेळेसाठी आहे. इंजेक्शन देऊन रोज दुकान चालवणाऱ्याने तिचा आधार सांगू नये. आणि खेड्यात दंतवैद्य का मिळत नाही, हा प्रश्न आपण सरकारला विचारायचा थांबवू नये.

आणखी एक. आपल्या राज्यातला शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांसाठी आहे. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे एका खुर्चीच्या दाताच्या क्लिनिकवर मुख्य पकड राहते ती डॉक्टरच्या नोंदणीचीच. म्हणून तो नंबर विचारणे एवढे महत्त्वाचे.

तक्रार कुठे करायची?

नोंदणी नसलेल्याची : तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक, जालना शहरात महानगरपालिकेचा आरोग्य विभाग आणि पोलीस ठाणे. बोगस डॉक्टर शोधण्यासाठी जिल्हा आणि तालुका पातळीवर समित्या असतात, त्यांच्या नावानेही अर्ज द्यावा. एक प्रत महाराष्ट्र राज्य दंत परिषदेला पाठवावी.

नोंदणी असलेल्याची : राज्य दंत परिषदेकडे.

नुकसानभरपाईसाठी : जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

अर्जात तारीख, जागा, काय उपचार केले, किती पैसे दिले, त्रास काय झाला हे लिहा. फोटो, पावती जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोचशिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

मग जायचे कुठे?

"बाजारात जाऊ नका" एवढे सांगून भागत नाही. जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असतो. अनेक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही दंतवैद्य असतात. जाण्याआधी कोणत्या दिवशी बसतात ते विचारून घ्या, म्हणजे मजुरीचा दिवस वाया जाणार नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या कामासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी काम करतात, वेळ जास्त लागतो, पण ते शिक्षकांच्या देखरेखीखाली होते. अंगणवाडी आणि शाळेत येणारे आरोग्य तपासणी पथक मुलांचे किडके दातही पाहते. त्या दिवशी मुलांना शाळा बुडवू देऊ नका.

या वेळी थांबू नका

गालाची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणे, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास : त्याच दिवशी, गरज पडली तर १०८ ला फोन करून, रुग्णालय गाठा. तंबाखू, गुटखा, मिश्री लावणाऱ्यांनी रोज आरशात तोंड पाहावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन बोटे उभी आत जात नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, ही कर्करोगाआधीची किंवा कर्करोगाची खूण असू शकते. अशा तोंडावर बाजारात उपचार करून घेणे म्हणजे आजाराला आणखी सहा महिने बहाल करणे.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत गेल्या वर्षभरात किती जणांनी दात काढला किंवा बसवला? किती जणांकडे पावती आहे?
२. आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतो? नसेल तर निवेदन कोण देणार?
३. आपल्या ओळखीत बी.डी.एस. शिकणारी मुले-मुली आहेत का? त्यांना रविवारी विहारात तपासणीला बोलावता येईल का?

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे पान वाचून दाखवा. आणि माझ्याकडे गोळी मागायला आलात तर मी आता आधी विचारते, "साखर आहे का? चला, केस पेपर काढू." राग मानू नका.

जय भीम.